व्याख्या पाठ, तरी उदाहरण चुकतं : बालविकास आणि अध्ययनातल्या या चुका टाळा

मानसशास्त्राच्या पेपरात व्याख्या विचारली की बहुतेकांचं पेन धावतं. प्रसंग देऊन ‘इथे कोणती संकल्पना दिसते?’ असं विचारलं की घोडं अडतं. याचं कारण बहुधा एकच असतं. आपण संज्ञेचं नाव आठवत बसतो आणि मुलाच्या वागण्यात नेमकं काय बदललं, ते पाहायचं राहून जातं.

ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

सर्वात जास्त गुण इथे जातात. प्रबलन धन असो वा ऋण, त्यामुळे वर्तन वाढतं. शिक्षेमुळे वर्तन कमी होतं. धन-ऋणाचा चांगल्या-वाईटाशी काही संबंध नाही. काही दिलं तर धन, काही काढून घेतलं तर ऋण, एवढंच. गृहपाठ वेळेवर दिला म्हणून जादा उजळणी माफ केली आणि पुढेही गृहपाठ वेळेवर येऊ लागला, तर ते ऋण प्रबलन. दंगा केला म्हणून खेळाचा तास काढून घेतला आणि दंगा कमी झाला, तर ती ऋण शिक्षा. म्हणून आधी विचारा, वर्तन वाढलं की घटलं? दिलं की काढलं, हे नंतर.

आणखी एक प्रश्न बहुतेक जण विसरतात : वर्तन कोणाचं? मूल मोबाइलसाठी रडतं, आई वैतागून मोबाइल हातात देते, रडं थांबतं. मुलाच्या रडण्याला धन प्रबलन मिळालं, कारण रडलं की मोबाइल मिळतो. आणि आईच्या मोबाइल देण्याला ऋण प्रबलन मिळालं, कारण दिला की कटकट संपते. एकाच प्रसंगात दोघंही शिकली. ‘कोणाचं’ हे ठरवलं नाही, तर दोन्ही उत्तरं बरोबर वाटतात आणि आपण गोंधळतो.

हाच प्रसंग पुढे नेऊ. आईने ठरवलं, रडल्यावर मोबाइल द्यायचा नाही. पहिले काही दिवस रडणं कमी होण्याऐवजी वाढू शकतं. प्रबलन थांबल्यावर वर्तनाने अशी उसळी घेणं अपेक्षितच आहे, पण घरचे म्हणतात, ‘हा उपाय चालत नाही,’ आणि चौथ्या दिवशी मोबाइल देऊन मोकळे होतात. मग मूल शिकतं की जास्त वेळ, जास्त जोरात रडलं की मिळतं. शिवाय अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनाने पक्कं झालेलं वर्तन मोडायला जास्त कठीण असतं.

पियाजेची वयं दगडावरची रेघ समजणं

स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने मुलांच्या विचारशक्तीच्या विकासाच्या अवस्था सांगितल्या. त्या बदलण्याची दोन, सात, अकरा ही वयं पाठ असायला हरकत नाही. पण पियाजेचा आग्रह अवस्थांच्या क्रमावर होता, वयं अंदाजाची होती. ‘मूल सहा वर्षांचं आहे, म्हणजे त्याला हे जमणारच नाही’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

शिवाय प्रयोगात प्रश्न कसा विचारला, याने उत्तर बदलतं. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगांपैकी एक मोठ्या माणसाने पसरवली की लहान मुलं म्हणतात, हिच्यात जास्त आहेत. 1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी ती रांग एका खोडकर टेडीकडून विस्कटवली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी ‘तेवढ्याच आहेत’ असं सांगितलं. मोठ्या माणसाने मुद्दाम बदल करून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आपलं आधीचं उत्तर चुकलं असावं, असं मुलाला वाटत असेल. 1985 मध्ये रेने बायार्जों आणि सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. समोरची वस्तू पडद्याने झाकली गेली आणि पडदा तिच्या आरपार गेल्यासारखं अशक्य दृश्य दिसलं, की बाळं जास्त वेळ पाहत राहिली. वस्तू नजरेआड झाली तरी असते, ही जाण पियाजेने मानली त्यापेक्षा लवकर येत असावी. यावरून ‘पियाजे खोटा ठरला’ असं लिहिणारेही भेटतात. तो दुसऱ्या टोकाचा उतावीळपणा.

व्हायगॉट्स्की

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कीचं निकट विकास क्षेत्र म्हणजे मुलाला आज येतं ते नव्हे. एकट्याने जमतं आणि मदतीने जमतं, यांमधलं अंतर म्हणजे ते क्षेत्र. हातच्याची बेरीज करताना ‘इथे दहा झाले, मग काय करायचं?’ एवढं विचारल्यावर मूल पुढे सरकलं, तर ते त्या क्षेत्रात आहे. तुम्हीच उत्तर लिहून दिलंत, तर काहीच कळलं नाही. स्कॅफोल्डिंग (शिकताना दिलेला तात्पुरता आधार) हा शब्द मात्र व्हायगॉट्स्कीच्या नावावर खपवू नका. त्याचं निधन 1934 मध्ये झालं. ही संज्ञा 1976 मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या लेखातून रूढ झाली. आणि आधार हळूहळू काढून घेतला नाही, तर ते स्कॅफोल्डिंग नव्हेच.

वाढ आणि विकास

उंची, वजन ही वाढ. चालणं, बोलणं, विचार करणं हा विकास. इथली खरी चूक तुलनेची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी बाळं एकट्याने चालू लागण्याचा काळ साधारण 8 ते 18 महिने असा पसरलेला दिसला. शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं, यावरून आपल्या बाळाबद्दल काही ठरत नाही. अठरा महिने उलटूनही चालत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

‘हा मुलगा व्हिज्युअल आहे’

कुणी पाहून (व्हिज्युअल), कुणी ऐकून जास्त शिकतं, अशी प्रत्येक मुलाची ठरलेली ‘अध्ययन शैली’ असते, ही समजूत शिक्षकांमध्ये फार चिवट आहे. मुलाच्या शैलीनुसार शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा नसल्याचं पॅश्लर आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या आढाव्यात आढळलं. बुद्धिमत्ता एक नसून अनेक प्रकारची असते, या मानसशास्त्रज्ञ गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताची (1983) याच्याशी सरमिसळ करू नका. ती वेगळी गोष्ट आहे. पद्धत विषयावरून ठरवा : नकाशा सगळ्यांनीच पाहायचा असतो आणि उच्चार सगळ्यांनीच ऐकायचे असतात.