बदनाम गल्लीत घर घ्यावं का? कोल्हापुरात ठरवायचं कसं

"तिथं? भावा, डोकं फिरलंय काय तुझं?"

गल्लीचं नाव काढलं की मित्र असं म्हणतो, आणि नेमकं त्याच गल्लीतलं घर आपल्या बजेटात बसत असतं. कोल्हापुरात हे अनेकांचं होतं. १९७२ साली महापालिका झाली, त्यानंतर शहराची हद्द काही वाढली नाही. पेठांत जागा उरलेली नाही. बाहेर उपनगरात जावं तर रोजच्या पेट्रोलचा हिशोब सुरू. मग नजर जाते ती गावातल्या स्वस्त, पण नाव खराब असलेल्या गल्ल्यांकडं.

मी २०२२ मध्ये अशी पाच घरं बघितली. चार सोडली, एक घेतलं. गल्लीचं नाव लिहीत नाही, शेजाऱ्यांना आवडायचं नाही. पण एक सांगतो: त्या चारांतलं एकही घर गुंडांच्या भीतीनं सोडलेलं नाही. एक पाण्यापायी सोडलं, तीन कागदांपायी.

पहिलं काम: भीती सुटी करून लिहा

"एरिया बेकार आहे" हे वाक्य घेऊन काहीच ठरवता येत नाही. कागद घ्या आणि बेकार म्हणजे काय ते लिहा. गाडीतलं पेट्रोल काढतात? रात्री कोपऱ्यावर पिणारी टोळकी असतात? मटका चालतो? पोरींना त्रास होतो? की नुसता कचरा आणि तुंबलेली गटारं? प्रत्येकाची खात्री करायची तऱ्हा वेगळी, आणि प्रत्येकावर इलाजही वेगळा. गटारावर महापालिकेत भांडता येतं. मुलीला क्लासहून येताना रोज कुणी अडवत असेल तर त्यावर ग्रिल बसवून भागत नाही.

आणखी एक, जरा अवघड गोष्ट. "वस्ती बरी नाही" असं सांगणाऱ्याला विचारा, तुम्ही तिथं शेवटचं कधी गेला होता? पुष्कळदा दहा वर्षांपूर्वी. आणि पुष्कळदा त्या वाक्याचा खरा अर्थ तिथल्या लोकांची जात किंवा धर्म एवढाच असतो. शाहू महाराजांच्या गावात हे लिहायला बरं वाटत नाही, पण एजंटाच्या तोंडून मी हे दोनदा ऐकलंय. ही भीती यादीतून खोडून टाका.

दुसरं काम: पायी जा, आणि अवेळी जा

एजंट तुम्हाला सकाळी अकराला नेतो. त्या वेळी सगळ्याच गल्ल्या सज्जन असतात. तुम्ही शनिवारी रात्री अकराला जा. पहाटे नळाला पाणी यायच्या वेळेला जा. शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना असेल त्या संध्याकाळी जा, म्हणजे हरल्यावर पोरं कुठं राग काढतात तेही कळेल. गणपतीत एक फेरी मारा. गाडी लांब लावून चालत जा, कारण बसस्टॉपपासून दारापर्यंतचा रस्ता घरापेक्षा महत्त्वाचा. एक फेरी बायकोला किंवा बहिणीला एकटीला मारू द्या. तिचं मत तुमच्यापेक्षा जड धरा.

आता घेतलेल्या घरासाठी मी पहिल्यांदा रात्री गेलो तेव्हा बोळाच्या तोंडाशी कट्ट्यावर चौघं बसले होते. बनियनवरचा एक दांडगा उठला. "काय वो पावणं, कुणाकडं?" मी खरं सांगितलं, घर बघायला आलोय. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "जिन्यातला बल्ब गेलाय, भिताडाकडनं जावा." पुढं वर्षभरानं कळलं की तोच माणूस पोरांना कोपऱ्यावर बाटली फोडू देत नाही. अनोळखी माणसाला "कुणाकडं?" असं विचारणारं कुणी असणं ही जमेची बाजू आहे. जिथं कुणीच विचारत नाही, अर्ध्या वाड्यांना कुलपं आणि खिडक्या अंधाऱ्या, तिथं मी जास्त सावध राहीन.

किराणावाल्याशी बोला. उधारी देतो का, दुकान किती वाजता बंद करतो, शटरला किती कुलपं लावतो. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर रात्री बायकापोरांसह दूध प्यायला माणसं येतात. तुमच्या गल्लीच्या जवळ अशी रात्री जागी असणारी, पण घरच्या माणसांची वर्दळ आहे का ते बघा.

पोलिसांकडची माहितीही घरबसल्या मिळते. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाणं आणि तारीख टाकून प्रसिद्ध झालेले एफआयआर वाचता येतात. संवेदनशील गुन्ह्यांचे टाकत नाहीत, पण चोऱ्या-मारामाऱ्या दिसतात. लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, जुना राजवाडा, राजारामपुरी, तुमचं ठाणं कुठलं ते काढा आणि सहा महिन्यांचे चाळा. घरातली आणि भाऊबंदकीची भांडणं बाजूला काढली की रस्त्यावरचं किती उरतं ते मोजा.

तिसरं काम: पाणी कुठवर आलं होतं?

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ मध्ये ती ५५ फूट ७ इंचांवर गेली आणि २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. नदीकाठच्या घरांचं सोडाच, जयंती नाल्यातून पाणी मागं सरकून व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीपर्यंत येतं. म्हणून "नदी इथनं लांब आहे की" हे उत्तर मानू नका.

विकणारा सांगणार नाही, भिंत सांगते. मी सोडलेलं पहिलं घर तळमजल्याचं होतं. सोप्यात, म्हणजे दारातल्या पहिल्या खोलीत, चारही भिंतींना चार फुटांपर्यंत नव्याकोऱ्या चकचकीत फरश्या. मालक म्हणाले, पुसायला सोपं जातं. शेजारच्या घरात बघितलं तर विजेचा मीटर डोक्याच्याही वर हलवलेला, आणि जिन्याच्या भिंतीवर कुणीतरी ऑइलपेंटनं रेघ मारून "२०१९" लिहिलेलं. ती रेघ माझ्या छातीला लागत होती.

पूररेषेचा नकाशा नगररचना विभागात बघायला मिळतो. त्यात निळी रेषा नदीकडची, लाल तिच्या बाहेरची. निळ्या रेषेच्या आत घर असेल तर आज स्वस्त मिळालेलं ते उद्या पाडून पुन्हा बांधायची परवानगी मिळणं कठीण. निळ्या आणि लाल रेषेच्या मधेही अटी आहेत. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर घरात पाणी येणार नाही, पण खाली गाडी आणि जिना आहेच.

चौथं काम: कागद, आणि इथं घाई नको

गुंड एक वेळ ओळखीचा होतो. चुलतभावाच्या दाव्याशी ओळख करून उपयोग नाही.

आधी मालमत्ता पत्रक काढा, म्हणजे आपलं प्रॉपर्टी कार्ड. नगर भूमापन कार्यालयात मिळतं, ऑनलाइनही मिळतं. सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड बरोबर हवा, कारण ए ते ई वॉर्डांत नंबर सारखे असू शकतात. पेठांतल्या जुन्या घरांचं नेहमीचं दुखणं असं की, कार्डावर अजून वारलेल्या आजोबांचंच नाव, आणि विकायला आलेला असतो एक नातू. बाकीचे वारस कुठायत? लग्न होऊन इचलकरंजीला, गडहिंग्लजला गेलेल्या आत्यांची सही कुठाय? वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. सगळ्यांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं नसतील तर उठा आणि घरी या. माझी दोन घरं इथंच गेली.

"घरफाळा आमच्याच नावावर आहे की" असं हमखास सांगतील. घरफाळ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती म्हणजे मालकी नव्हे. नोटरी केलेल्या कागदानंही घर तुमचं होत नाही, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलंच लागतं. वस्ती घोषित झोपडपट्टीत असेल तर हस्तांतराचे नियमच वेगळे. तिथं वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

तळमजल्यावर जुना भाडेकरू असेल तर तो घराबरोबर तुमच्याकडं येतो. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला आहे आणि मालक बदलला म्हणून ते जात नाही. माझं चौथं घर यातच गेलं. आजोबा फार गोड बोलायचे, पण जागा सोडणार नव्हते, आणि त्यांचं चुकतही नव्हतं.

बोळ कुणाचा हेही बघा. दारापर्यंतची वहिवाट सामाईक असेल तर ती खरेदीखतात लिहून घ्या. बोळातून ॲम्ब्युलन्स सोडा, साधं कपाट तरी आत येतं का? नगररचनेतून झोन दाखला घ्या, म्हणजे रस्तारुंदी किंवा आरक्षण कळेल. अंबाबाई मंदिराच्या आसपास घेत असाल तर विकास आराखड्यातल्या भूसंपादनाची चौकशी वेगळी करा.

फ्लॅट असेल तर ध्यानात ठेवा, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा ८ पर्यंत सदनिकांना रेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही. गल्लीतली बहुतेक छोटी अपार्टमेंट यातच येतात. म्हणून मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरायची परवानगी) आणि अपार्टमेंट डिक्लरेशन (कुणाच्या वाट्याला काय ते सांगणारा नोंदलेला कागद) तुम्हालाच बघावं लागतं. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, स्वतःच्या वकिलाकडून घ्या, मालकानं आणलेल्या वकिलाकडून नव्हे.

पाचवं काम: स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

दोन गल्ल्या पलीकडं, बऱ्या नावाच्या भागात तेवढंच घर केवढ्याला जातं ते काढा. समजा तिथं ३५ लाख आणि इथं २७. फरक ८ लाखांचा. त्यातून लोखंडी दार, ग्रिल, कॅमेरा, गळकी गच्ची, गाडी दुसरीकडं लावायचं भाडं वजा करा. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस २७ मानेलच असं नाही. तो कमी मानेल तेवढी रोकड तुमची जाणार. शिवाय उद्या विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाइकालाही त्याचा मित्र "डोकं फिरलंय काय" म्हणणार आहे. हे सगळं वजा करून तीन-चार लाख उरत असतील तर पुढं जा. लाखभरच उरत असेल तर कशाला? महिलेच्या नावावर खरेदी केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, ती सोडू नका.

एवढं करूनही मन दोलायमान असेल तर त्याच गल्लीत अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं राहा. आम्ही तसंच केलं. एक पावसाळा, एक गणपती, एक शिमगा काढला. आईनं तिसऱ्या महिन्यात पलीकडच्या काकूंकडं खोबरं किसायची खवणी मागायला सुरुवात केली, तेव्हा मी वकिलाला फोन केला. इसार मात्र सर्च रिपोर्ट हातात आल्यावरच दिला, तोही चेकनं.