नर्स म्हणून तीन महिन्यांची ड्युटी धरताय? आधी या चुका टाळा

"नॉरअ‍ॅड पाचवर चालू आहे," एवढंच सांगून समोरच्या सिस्टर बॅग उचलून निघाल्या. नवीन हॉस्पिटल, आयसीयूतली माझी दुसरी नाईट. नॉरअ‍ॅड म्हणजे बीपी टिकवणारं औषध, आणि पाच हा सिरिंज पंपाचा वेग. आधीच्या ठिकाणी आम्ही ५० एमएलच्या सिरिंजमध्ये ४ एमजी नॉरअ‍ॅड्रेनालिन भरायचो. इथे लेबल वाचलं तर ८ एमजी. पंपावरचा आकडा तोच, पण पेशंटला जाणारं औषध दुप्पट. पहाटे सिरिंज संपल्यावर मी हाताच्या सवयीने ४ एमजीची भरून पुन्हा पाचवर लावली असती, तर डोस एका झटक्यात निम्मा झाला असता. बीपी खाली आलं असतं आणि आम्ही कारण दुसरीकडेच शोधत बसलो असतो.

पुण्यात अशा तात्पुरत्या ड्युट्या भरपूर मिळतात. कुणी ब्युरोमार्फत (नर्स पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत) जातं, कुणी हॉस्पिटलशी थेट तीन-सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट करतं, कुणी महापालिकेच्या अकरा महिन्यांच्या करारावर असतं. २०२० मध्ये सीओईपीच्या मैदानावर जंबो कोविड हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हा, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (नसांवर परिणाम करणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा, शिवाय दर पावसाळ्यात डेंगीने वॉर्ड भरतात तेव्हा, नर्स अचानक कमी पडतात. गरज अशी घाईची असली की शिकवायला कुणाला वेळ नसतो. रीलमधल्या अमेरिकेतल्या ट्रॅव्हल नर्स बघून या वाटेला येणाऱ्या मुलींना एक सांगते. तिथे साधारण तेरा आठवड्यांचं कॉन्ट्रॅक्ट असतं आणि बऱ्याचदा राहण्याचा भत्ताही मिळतो. इथे खोली शोधण्यापासून सगळं आपलं आपणच बघायचं असतं.

चूक : "मला येतं" म्हणून पहिल्या दिवशी न विचारणं

आयसीयूचा पाच वर्षांचा अनुभव असला की ही चूक जास्त होते, नव्या मुलींकडून उलट कमी. हाताला सवय झालेली असते, आणि सवय आधीच्या हॉस्पिटलची असते.

पहिल्या ड्युटीला अर्धा तास लवकर जा आणि इन्चार्ज सिस्टरांना विचारा: इथे नॉरअ‍ॅड, डोपामिन, इन्सुलिनचं इन्फ्युजन कसं भरतात? लिहिलेला चार्ट असेल तर त्याचा फोटो काढायची परवानगी घ्या, नसेल तर वहीत उतरवून घ्या. ओव्हर घेताना (आधीच्या सिस्टरकडून पेशंट ताब्यात घेताना) "पाचवर आहे" हे उत्तर म्हणून चालवून घेऊ नका. किती एमजी, किती एमएलमध्ये, आणि सिरिंज कधी भरली, हे पंपासमोर उभं राहून दोघींनी मिळून वाचायचं. समोरची कंटाळते, घड्याळ बघते. बघू दे.

इन्सुलिनचा घोळ तर आपल्याकडचा खासच. बाजारात ४० युनिट प्रति एमएलच्या व्हायल आहेत आणि १०० युनिटच्याही. सिरिंजही दोन तऱ्हेच्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० च्या व्हायलमधलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर पेशंटला १० नाही, २५ युनिट जातात. एखाद्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं एकच प्रकार येत असला, तर तिथल्या कुणाला हे सांगावं असं सुचतही नाही. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचंही तसंच. एका ठिकाणी १००० ची व्हायल, दुसऱ्या ठिकाणी ५००० ची, आणि बाटल्या दिसायला सारख्याच.

मग क्रॅश कार्ट, म्हणजे पेशंट अचानक कोसळला तर लागणाऱ्या सामानाची ट्रॉली. स्वतः उघडून बघा. अ‍ॅड्रेनालिन कुठल्या कप्प्यात, श्वासनळीत ट्यूब टाकताना वापरायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, डिफिब (हृदयाला शॉक देणारं मशीन) कुठल्या कंपनीचं आणि चार्जचं बटण कुठे, कोड (पेशंट कोसळल्याचा इशारा) जाहीर करायला कुठला नंबर लावायचा. रात्री तीन वाजता हे शोधायला लागलात तर सगळ्यांना आठवेल ते एवढंच, की "ब्युरोवाल्या सिस्टरांना काही माहीत नव्हतं".

अडचण : भलत्याच विभागात पाठवलं तर

हे होणारच. माणूस कमी पडलं की सगळ्यात आधी तात्पुरत्या सिस्टरला उचलतात. मेडिकल वॉर्डसाठी घेतलेल्या मुलीला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) किंवा डायलिसिसला उभं करतात, आणि ती नोकरी जाईल या भीतीने गप्प राहते. सरळ "नाही" म्हटलं तर भांडण होतं, आणि गप्प राहणं पेशंटच्या जिवावर येऊ शकतं. माझ्या बाबतीत चाललेलं वाक्य असं: "मॅडम, व्हेंटिलेटरचं बाळ मी एकटीने सांभाळलेलं नाही. सोबत कुणी असेल तर मी व्हायटल्स, फीड, आय-ओ चार्ट (किती आत गेलं, किती बाहेर आलं याची नोंद) सगळं करते." काय येत नाही ते स्पष्ट सांगायचं, आणि काय करू शकते तेही लगेच सांगायचं. तरीही एकटीलाच ठेवलं तर किती वाजता, कुणाला कळवलं, हे इन्चार्जना मेसेज करून ठेवा. कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधीच त्यात विभागांची नावं लिहून घेतली असतील तर बोलायला आधार मिळतो.

कागदांच्या चुका

ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करू नका. दाखवा, समोर पडताळून घेऊ द्या, झेरॉक्स द्या आणि ओरिजिनल परत पिशवीत टाका. मी एकदा नवखेपणी मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन दोन्ही देऊन बसले होते. तीन महिन्यांचं काम संपल्यावर ती सोडवायला पाच हेलपाटे घालावे लागले, आणि तोवर पुढची ड्युटी हातची गेली.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी सीएनईचे (नर्सच्या सततच्या प्रशिक्षणाचे) क्रेडिट लागतात. कायम स्टाफला हॉस्पिटलच कार्यक्रमांना बसवतं. तात्पुरत्या सिस्टरला तेव्हा वॉर्ड सांभाळायला ठेवतात, आणि पाचव्या वर्षी धावपळ तिची होते. म्हणून क्रेडिटचा हिशेब स्वतः ठेवा. केरळ किंवा कर्नाटकातून येणाऱ्यांनी तिथल्या कौन्सिलची एनओसी घेऊन महाराष्ट्राच्या रजिस्ट्रेशनसाठी आधीच अर्ज करावा, याला वेळ लागतो. बीएलएस-एसीएलएसचं (जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाचं) कार्ड दोन वर्षांचं असतं. त्यावरची तारीख बघा, एवढंच.

पैसे : "हातात किती?" एवढंच विचारणं

ब्युरोवाले फोनवर एक आकडा सांगतात आणि आपण हो म्हणतो. तो आकडा पगार आहे की प्रोफेशनल फी, हे आधी विचारा. फी म्हणून देणार असतील तर सहसा १० टक्के टीडीएस कापला जातो आणि पीएफ, ईएसआय (कामगार विमा), भरपगारी सुट्टी यातलं काहीच नसतं. उत्पन्नावर कर लागत नसेल तर कापलेला टीडीएस रिटर्न भरून परत मिळवता येतो. कितीतरी मुली रिटर्न भरतच नाहीत आणि ते पैसे तसेच राहतात. पगार म्हणून देणार असतील तर जुना यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर द्या, नाहीतर दर ठिकाणी नवीन खातं उघडून पीएफचे तुकडे होतात. महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयचं विचारा. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसायकर माफ आहे. स्लिपवर तरी २०० रुपये कापलेले दिसले तर अकाउंट्सला जाऊन बोला.

दर कमी वाटतोय की ठीक, हे ताडायला एक माप आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान २०,००० द्यावेत अशी शिफारस केली होती. ही शिफारस आहे, त्यामुळे ती दाखवून कुणी पगार वाढवत नाही. पण त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि तुम्हाला कुणी त्याहून कमी सांगत असेल तर ते तुमच्या ध्यानात असू द्या.

आणखी एक: हॉस्पिटलने ब्युरोचे पैसे अडकवले तर तुमचे कोण देणार, हे लिहून घ्या. तोंडी "काळजी करू नका सिस्टर" याला काही अर्थ नाही.

सुई टोचली तर

हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस (०, १ आणि ६ महिने) झालेत का, आणि टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण) १० च्या वर आहे का, याचा रिपोर्ट फोनमध्ये ठेवा. टोचल्यावर जखम पिळायची नाही. साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीसाठीचं पीईपी (लागण टाळायची औषधं) शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. "ब्युरोला कळलं तर काढतील" म्हणून सकाळपर्यंत थांबणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. हॉस्पिटल टोलवाटोलवी करत असेल तर रिक्षा करून ससून गाठा, तिथे एआरटी (एचआयव्हीच्या औषधांचं) सेंटर आहे. खर्च कुणाचा, हा वाद दुसऱ्या दिवशी घालता येतो.

खोली

तीन महिन्यांच्या कामासाठी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करताना लॉक-इनचं (किती महिने खोली सोडता येणार नाही याचं) कलम वाचा. सहा महिन्यांचं लॉक-इन असेल आणि ड्युटी तिसऱ्या महिन्यात संपली, तर डिपॉझिट गेलं समजा. पहिल्या कामासाठी पीजी किंवा वर्किंग विमेन्स हॉस्टेल बरं. हॉस्पिटल पेठेत असेल तर अनंत चतुर्दशीला आणि पालखीच्या मुक्कामात रस्ते बंद असतात. त्या दिवसांची ड्युटी चालत जाता येईल अशा मैत्रिणीकडे मुक्काम टाकूनच करायची.

वॉर्डातल्या मावशींशी पहिल्याच दिवशी नीट बोला. लिनन कुठे, आणि कुठला आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) फोन उचलत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

जाताना

अनुभवाचं पत्र शेवटच्या दिवशी मागू नका, दोन आठवडे आधी एचआरला मेल करा. पत्रात विभाग, खाटांची संख्या आणि दोन्ही तारखा हव्यात. एका ठिकाणी मला आयसीयूतल्या चार महिन्यांबद्दल "स्टाफ नर्स म्हणून काम केले" एवढंच लिहून दिलं, आणि ते मी घरी येऊन वाचलं. पुढच्या मुलाखतीत त्या चार महिन्यांना कुणी आयसीयूचा अनुभव मानलं नाही. आता पत्र एचआरच्या टेबलासमोर उभं राहूनच वाचते.