५,००० आरपीएमनंतर गाडी लीन होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं)? आधी इंधन पंपाचं व्होल्टेज मोजा (माझा अनुभव)

टर्बो बदललेली १.८ पेट्रोल. ५,००० आरपीएमपर्यंत सुरळीत, पुढे एएफआर (हवा-इंधन प्रमाण) ११.८ वरून थेट १३.५ आणि नॉक (सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट). बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) १ बार, म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) मूळचा ३ अधिक १ असा ४ बार दाब लागतो. मिळत होता ३.३. मोठे इंजेक्टर टाकले, फिल्टर बदलला, ताशी २५५ लिटरचा पंपही बसवला. दोन महिने नुसता वैताग.

शेवटी डायनोवर (गाडी जागेवरच लोड देऊन पळवायचं यंत्र), पूर्ण लोडवर मोजलं: बॅटरीवर १३.८, पंपाच्या पिनांवर १०.९ व्होल्ट! जुनी वायर हाताला गरम लागत होती. म्हणजे व्होल्टेज वायरमध्येच पडत होतं आणि पंप हळू फिरत होता.

मग इंधनाचा दाब सोडला, बॅटरीची निगेटिव्ह काढली. बॅटरीलगत २० अँपिअरचा फ्यूज, तिथून ४ चौरस मिमीची तांब्याची वायर मागे रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून पंपाचा पॉझिटिव्ह. पंपाची जुनी पॉझिटिव्ह ८६ ला, ८५ अर्थला. इंजिन बंद पडलं की पंप थांबतो तो या जुन्या वायरमुळेच. ती सोय घालवू नका. पंपाची अर्थही तेवढीच जाड, रंग खरवडून बॉडीला घट्ट.

आता पंपावर १३.४ व्होल्ट, रेलमध्ये ४ बार, रेडलाइनपर्यंत (इंजिनच्या कमाल आरपीएमपर्यंत) एएफआर ११.८.