पिल्लांची खोली लावताना (आणि वजनकाट्याबद्दल परत एकदा)

फेब्रुवारी सरत आला की शेल्टरच्या गेटवर खोके यायला लागतात. कुणाला पार्किंगमध्ये सापडलेली, कुणाच्या माळ्यावर मांजरीने घातलेली. खोली त्याआधी लावून ठेवायची असते, खोका हातात आल्यावर नाही. मागच्या मोसमात मी वेळेत लावली होती, तरी आठवडाभरात नऊ पिल्लं पार्वोने गेली. म्हणून ही यादी. पार्वो म्हणजे मांजरांचा, डॉक्टर कागदावर पॅनल्यूकोपेनिया लिहितात तो विषाणूचा आजार. माणसाला होत नाही, पण माणसाच्या हातावरून, चपलेवरून आणि सामानावरून फिरतो. सामानावरून. इथे थांबून खोलीतल्या वजनकाट्याकडे एकदा बघून घ्या.

खोल्या किमान दोन हव्यात. जागा नाही म्हणाल तर बाथरूम चालेल, जिन्याखालची खोली चालेल, पण मधे दार हवं. पडदा म्हणजे दार नव्हे. नवीन पिल्लं 14 दिवस एकीकडे, आधीची दुसरीकडे. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण आठवडा जातो, आणि पिल्लू खेळत असतानाच त्याच्या शीतून विषाणू पडायला लागलेला असतो. त्यामुळे ‘आलं तेव्हा तर मस्त उड्या मारत होतं’ याला काही अर्थ नाही. एका आईची पिल्लं एकत्र. दोन खोक्यांतली मिसळायची नाहीत, ‘एकटंच आहे बिचारं’ म्हणून तर मुळीच नाही. त्याला उबेची पिशवी द्या, मऊ फडकं द्या, सोबत नको.

लस आल्या दिवशी. 14 दिवस झाल्यावर देऊ म्हणणारे दरवर्षी भेटतात. शेल्टरमध्ये 4 आठवड्यांच्या पिल्लापासून सुरू करतात आणि दर 2 ते 3 आठवड्यांनी परत, पिल्लू 16 ते 20 आठवड्यांचं होईपर्यंत. इतक्या वेळा का, हे स्वयंसेवक विचारतातच. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण लसीलाही दाबून टाकतं, ते कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून पुन्हा पुन्हा द्यायची. 4 आठवड्यांखालच्या पिल्लाला आणि गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस नाही; पिल्लांच्या लहान मेंदूला इजा होते आणि ती जन्मभर झोकांड्या खात चालतात. लस 2 ते 8 अंशांत, फ्रिजच्या दारात ठेवू नका. वीज जाते तेव्हासाठी बर्फाच्या पिशव्या.

आता काटा. प्रत्येक खोलीचा काटा वेगळा आणि तो त्या खोलीचा उंबरठा ओलांडणार नाही. स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा साधा काटा पुरतो. माझ्याकडे दोन होते! मोठ्या पिल्लांच्या खोलीतल्या काट्याची बॅटरी रात्री साडेनऊला संपली, दुकानं बंद, तेव्हा मी नव्या पिल्लांच्या खोलीतला ‘दोन मिनिटांसाठी’ उचलला. सॅनिटायझरने पुसला, वर स्वच्छ वाटी ठेवली आणि अकरा पिल्लं ओळीने तोलली. सॅनिटायझरने हा विषाणू मरत नाही. स्पिरिटनेही नाही. शिवाय वरची तबकडी आणि खालचा डबा यांच्यामधे जी बारीक खाच असते ना, तिच्यात सुकलेली शी होती. नखभर. तीन दिवसांनी नव्या खोलीतलं पहिलं पिल्लू ओकलं, त्याच आठवड्यात मोठ्यांमधली नऊ गेली. घाण कुठून आली असेल म्हणून आम्ही फरशी दोनदा धुतली, काट्याकडे कुणी पाहिलंही नाही.

म्हणून काट्यावर खोलीचं नाव मोठ्या अक्षरात. लाल चिकटपट्टी नव्यांची, हिरवी जुन्यांची. काटा ब्लीचमध्ये बुडवता येत नाही, तेव्हा रोज नवी प्लॅस्टिकची पिशवी चढवा, आणि प्रत्येक खोक्याची वाटी वेगळी. नियम काट्यापुरता नाही हेही धरा: नखं कापायची कात्री, थर्मामीटर, दुधाच्या सिरिंजा, टॉर्च, आणि हो, नोंदवहीचं पेन. पण काटा आधी, कारण तो रोज लागतो आणि म्हणूनच रोज उचलला जातो.

सफाई. फिनेल नको. वास येतो म्हणून स्वच्छ वाटतं एवढंच. हा विषाणू त्याने मरत नाही आणि मांजराच्या यकृताला असली रसायनं पचत नाहीत, पंजे चाटून पिल्लू त्यानेच आजारी पडेल. डेटॉलचंही तेच. साधं पातळ ब्लीच आणा, 5 टक्क्यांच्या आसपासचं, लिटरभर पाण्याला 30 मिली. डोळ्याने ओतू नका, औषधाच्या बाटलीचं माप वापरा. आधी साबणाने घासून घाण काढायची, कारण घाणीवर पडलेलं ब्लीच वाया जातं. मग ब्लीच ओतून 10 मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग पाण्याने धुऊन वाळवायचं, आणि पिल्लं तोवर बाहेर. ‘मारलं की पुसलं’ करणाऱ्यांच्या हातात घड्याळ द्या. मिश्रण रोज ताजं. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळलंत तर विषारी वायू निघतो, हे सांगावं लागतं हेच वाईट आहे. पुठ्ठे, लाकडी फळ्या, फाटकी गोधडी यांतून विषाणू निघत नाही, टाकून द्या. घरात तो वर्षभरसुद्धा टिकतो.

कामाचा क्रम: निरोगी लहान आधी, मग मोठी, मग नवीन, आजारी शेवटी. उलटं फिरायचं नाही. दर खोलीची चप्पल आणि एप्रन वेगळा. हातमोजे, साबण, ठीक आहे, हे सगळ्यांना माहीत असतं.

वजन रोज, एकाच वेळी, वहीत. पिल्लू दिवसाला साधारण 10 ग्रॅम वाढतं. एक दिवस थांबलं तर लक्ष, घटलं तर डॉक्टर. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं पण पीत नाही, पिवळा फेस ओकतं, अंग आधी तापतं आणि मग गार पडतं, तर सकाळची वाट बघू नका. काही तर काहीच न दाखवता रात्रीत जातात. कुत्र्यांच्या पार्वोची तपासणीची किट मांजराच्या शीवरही चालते, दोन ठेवा. नुकती लस दिली असेल तर फिकट रेघ खोटी असू शकते, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

एक आजारी निघालं की त्या खोलीत नवीन पिल्लू घेणं बंद, कोणी कितीही रडलं तरी. वाचलेलं पिल्लू 6 आठवडे वेगळं, बरं दिसलं तरी. ज्या घरात पार्वोने मांजर गेलंय तिथे लशी पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही. नेण्याचे पिंजरे ब्लीचने. बाकी डबे, वाळू, दूध नेहमीचंच.

बॅटऱ्या. दोन्ही काट्यांच्या, जास्तीच्या, दोन्ही खोल्यांत, आजच आणा. आणि बाहेर काढून बघा, त्या मापाच्याच आहेत ना.