गणिताच्या जुन्या पेपरांचा गठ्ठा हाती आला तर नोंद कशी करायची, टॅग कसे लावायचे

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात रिटायर झालेल्या गुरुजींच्या घरी माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असतेच आणि त्यात गणिताचे जुने पेपर असतात, बोर्डाचे, सहामाहीचे, सातवीच्या फायनलचे, आणि घर पाडून नवीन बांधायचं ठरलं की सगळ्यात आधी तेच रद्दीत जातात. मला आतापर्यंत तीन घरांतून असे गठ्ठे मिळालेत. ते लावताना जे शिकलो ते लिहितोय, म्हणजे तुमच्याकडं असा गठ्ठा आला तर घोळ होणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे सुतळी लगेच सोडू नका. मी सोडली होती. एका काकूंनी दिलेला गठ्ठा घरी आणला, सुतळी कापली, पलंगावर सगळे पेपर पसरले आणि पाचवीचे इकडं, आठवीचे तिकडं, दहावीचे वेगळे असं लावून टाकलं, फार काम झालं असं वाटलं. दोन दिवसांनी काकू फोनवर म्हणाल्या, "अरे, ते वर्षाप्रमाणंच होते की, हे दरवर्षी परीक्षा झाली की वरती एकेक ठेवत जायचे." म्हणजे ज्या पेपरवर सालच छापलेलं नाही त्याचं साल त्याच्या वरच्या आणि खालच्या पेपरवरून कळलं असतं. ते आता कधीच कळणार नाही. तेव्हापासून गठ्ठा जसा आहे तसा आधी फोटो, मग वरनं एकेक पेपर उचलायचा, मागच्या बाजूला कोपऱ्यात मऊ पेन्सिलनं नंबर घालायचा (पेन नको, शाई पलीकडं उमटते), आणि तो नंबर परत बदलायचा नाही. नंतर पेपर कितीही इकडं तिकडं झाले तरी नंबरावरून मूळ क्रम परत लावता येतो. गठ्ठ्याला पण नाव द्या, ग-१, ग-२ असं, म्हणजे ग-२ मधला ३७ वा पेपर म्हटलं की झालं. देणाऱ्या माणसाला त्याच दिवशी विचारून घ्या की गुरुजी कुठल्या शाळेत, किती साली होते, पेपर कसे ठेवायचे, कारण या गोष्टी कागदावर कुठंच नसतात.

स्टेपलच्या पिना गंजलेल्या असतात त्या हळूच काढा, सेलोटेप अजिबात लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि तिच्याखालची अक्षरं खाते. लॅमिनेशन तर नकोच. खानापूर साईडचा पाऊस माहीतच आहे, ओल लागली की कागद एकमेकांना चिकटतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं. ठेवायला धुतलेलं सुती फडकं उत्तम, जुन्या दप्तरखान्यात मोडी कागद रुमालात बांधून ठेवायचे ते उगीच नाही.

आता शीट. एक्सेल, गूगल शीट काहीही चालेल, मोठं सॉफ्टवेअर शोधत बसू नका, त्या नादात काम राहून जातं. दोन शीट करा. पहिल्यात एका पेपरला एक ओळ, दुसऱ्यात एका प्रश्नाला एक ओळ. पेपरच्या शीटमध्ये नंबर, गठ्ठा, इयत्ता, परीक्षा, बोर्ड किंवा शाळा, माध्यम, एकूण मार्क, वेळ, पानं, कागदाची अवस्था एवढे रकाने पुरतात. पण सालाला एक रकाना करू नका, तीन करा: छापलेलं साल, अंदाजे साल, आणि अंदाज कशावरून. हे मी सगळ्यांना आग्रहानं सांगतो. कागदावर जे आहे ते एका रकान्यात आणि आपल्याला जे वाटतं ते दुसऱ्या रकान्यात, दोन्ही कधी मिसळायचं नाही. छापलेलं नसेल तर पहिला रकाना रिकामा सोडा, रिकामा रकाना बघून वाईट वाटतं आणि हात शिवशिवतो, तरी सोडा. आपण अंदाजानं १९७२ टाकलं आणि कुणी ते कॉपी करून नेलं की पुढं तो १९७२ चाच पेपर होऊन बसतो.

साल ओळखणं हा या कामातला सगळ्यात गोड भाग आहे आणि आपल्या भागात तर त्याच्या खुणा भरपूर मिळतात, कारण आपलं राज्य बदललं, बोर्ड बदललं, गावाचं सरकारी नावसुद्धा बदललं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, मग म्हैसूर राज्यात आलं, आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १ नोव्हेंबर १९७३ ला. म्हणजे वरती म्हैसूर राज्य छापलं असेल तर तो साधारण या दोन तारखांच्या मधला. इंग्रजीत बेळगावचं स्पेलिंग बदललं २०१४ च्या नोव्हेंबरात. कर्नाटकच्या दहावी बोर्डाच्या नावात परीक्षा आणि मूल्यमापन असे दोन्ही शब्द दिसले तर पेपर २०२२ नंतरचा.

त्याहून पक्की खूण उदाहरणांच्या आत असते. माझ्याकडं एका साल नसलेल्या पेपरात असा प्रश्न आहे: ५ शेर तुपास १५ रुपये १० आणे पडतात, तर १२ शेर तुपास किती पडतील तें काढा. आता हा सोडवून बघा, १५ रुपये १० आणे म्हणजे २५० आणे, शेराला ५० आणे, १२ शेराला ६०० आणे, म्हणजे ३७ रुपये ८ आणे. रुपयाचे १६ आणे आहेत म्हणजे हा दशमान नाण्यांच्या आधीचा असणार, ती १ एप्रिल १९५७ ला आली. शेर आहे म्हणजे किलोच्या आधीचा, मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली. आणि "तें" वर अनुस्वार आहे, हे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढले. तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात, तर अंदाजे साल "१९५७ च्या आधी" आणि कशावरून या रकान्यात "आणे, शेर, अनुस्वार". मात्र एकाच खुणेवर विसंबू नका, कारण पेपर काढणारे गुरुजी जुन्या पुस्तकातली उदाहरणं नंतरही दोन-चार वर्षं घालतच राहिले असणार, आणि छापखान्यातला माणूस अनुस्वार देतच राहिला असेल. उलट "नवे पैसे" हा शब्द दिसला तर आनंद करा, नाण्यावरचा तो "नया" १९६४ च्या जूनपासून गेला, त्यामुळं असा पेपर बहुतेक १९५७ ते १९६४ मधलाच. बिदरकडचा गठ्ठा असेल तर हाली सिक्का पण भेटेल, तो निजामाच्या राज्यातला रुपया, आपल्या १०० रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा हिशेब असायचा, असं उदाहरण मिळालं तर वेगळा टॅग करून ठेवा.

अलीकडचे पेपर सोपे वाटतात पण तिथंही चकवा आहे. २०२० ची एसएसएलसी (म्हणजे कर्नाटकातली दहावीची बोर्डाची परीक्षा) कोरोनामुळं जूनच्या शेवटी सुरू झाली. २०२१ ला तर गणित, विज्ञान, समाज एकाच दिवशी, १९ जुलैला, नुसते पर्याय निवडायचे आणि ओएमआर शीटवर गोळे काळे करायचे. ते पेपर बाकीच्यांत तसेच मिसळले तर "या धड्यावर किती मार्कांचं येतं" हा हिशेब चुकतो. २०२४ ला परीक्षा एक, दोन, तीन अशी पद्धत आली, म्हणून साल आणि महिन्याबरोबर परीक्षेचा क्रमांक पण लिहा. वरच्या कोपऱ्यातला कोड जसाच्या तसा उतरवा, गणिताचा ८१ आणि पुढं माध्यमाचं अक्षर, इंग्रजीला ई, कन्नडला के. बोर्डाचा, तालुक्याचा प्रिपरेटरी (बोर्डाआधीची सराव परीक्षा), मॉडेल पेपर आणि शाळेचा घरचा पेपर हे चार प्रकार मात्र नक्की वेगळे ठेवा, दिसायला सगळे सारखेच दिसतात.

आता टॅग, म्हणजे नंतर शोधता यावं म्हणून लावायचे खुणेचे शब्द. पेपरला टॅग लावून काही उपयोग नाही, "गणित, दहावी" हे सगळ्यांनाच लागणार. प्रश्नाला लावायचे. दर प्रश्नाला मी चार गोष्टी बघतो: विषय काय (वर्गसमीकरण, सरळव्याज, वर्तुळाची स्पर्शिका), मुलानं करायचं काय (सोडवणे, सिद्ध करणे, रचना, आलेख, नुसतं पाठांतर), मार्क किती, आणि आकृती आहे का. वरच्या तुपाच्या प्रश्नाला त्रैराशिक, एकमान पद्धत, शाब्दिक उदाहरण, रुपये-आणे, शेर असे पाच टॅग लागले. पाच-सहाच्या पुढं जाऊ नका, नाहीतर महिन्यानं आपलेच टॅग आपल्याला आठवत नाहीत. तोच प्रश्न आकडे बदलून दुसऱ्या सालात आला असेल तर "जुळा" म्हणून रकाना करून त्यात दुसऱ्या पेपरचा नंबर टाका, दहावीच्या सरांना सगळ्यात जास्त हेच लागतं.

शब्दांचा घोळ आपल्याकडं महाराष्ट्रापेक्षा जास्त आहे. मराठी शाळेतलं पोर वर्तुळ म्हणतं, शेजारच्या कन्नड शाळेतलं वृत्त म्हणतं, इकडं त्रिकोण तिकडं त्रिभुज, इकडं अंकगणिती श्रेढी तिकडं समांतर श्रेढी, इकडं मसावि तिकडं मसाअ, आणि क्लासला गेलं की दोघंही सर्कल, ट्रँगल, एपी, एचसीएफ. शिकवणारे सर पण अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतात आणि पेपरात कुठला शब्द येईल सांगता येत नाही. म्हणून तिसरी एक शीट करा, शब्दयादी. एका ओळीत पहिला शब्द आपला ठरलेला, पुढं त्याची बाकीची रूपं, कन्नडमधलं, इंग्रजीतलं, जुन्या स्पेलिंगमधलं ("भूमिति" ऱ्हस्व, "भूमिती" दीर्घ). टॅग लावताना फक्त ठरलेला शब्द, तोही ड्रॉपडाऊन लावून निवडायचा, हातानं टाईप करायचा नाही, कारण एक वेलांटी चुकली की तो वेगळाच टॅग होतो आणि शोधताना सापडत नाही. पेपरातला मूळ शब्द मात्र प्रश्नाच्या मजकुरात जसाच्या तसा ठेवा, तो सुधारू नका. आकड्यांचं पण तसंच आहे, देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच कंप्युटरला वेगळे, शीटमध्ये एकच पद्धत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

एकाच परीक्षेचे मराठी, कन्नड, इंग्रजी असे तीन पेपर हाती लागले तर त्यांना एकच परीक्षा-नंबर द्या. प्रश्न तेच असतात, पण भाषांतरात कधी कधी एखादा शब्द असा पडलेला असतो की मराठीतलं उदाहरण सुटतच नाही, शेजारचा कन्नड पेपर बघितल्यावर कळतं की "पेक्षा जास्त" राहून गेलंय. अशा प्रश्नाला "भाषांतर तपासा" टॅग लावा. त्या पोरांचे मार्क तर गेले, पण पुढच्या पोराला तोच प्रश्न सरावाला देताना तरी आपण दुरुस्त करून देऊ.

स्कॅन करायचं तर ३०० डीपीआय आणि रंगीत. मोबाईलवर काढत असाल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, पेपर सपाट. काळा-पांढरा मोड दिसायला स्वच्छ दिसतो, पण सायक्लोस्टाईलची फिकट झालेली शाई त्यात उडते आणि तिच्याबरोबर दशांशाचा टिंब आणि वजाचं चिन्ह पण उडतं, मग २.५ चं २५ होतं आणि उत्तरच जुळत नाही. ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून टाईप करून देणारं सॉफ्टवेअर) मराठी मजकुराला बऱ्यापैकी चालतं, अपूर्णांक आणि करणीचिन्हाला नाही, ते हातानंच टाईप करावं लागतं. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरात ठेवा, आधी गठ्ठा, मग नंबर, मग पान. साल नावात घालू नका, कारण अंदाज उद्या बदलेल आणि मग नाव पण बदलत बसावं लागेल.

पेपरवर पोरांनी नाव, सीट नंबर लिहिलेलं असतं, कुणी मार्जिनमध्ये उत्तरं काढलेली असतात. उत्तरं राहू द्या, "हातानं लिहिलेलं आहे" अशी नोंद करा, एका पेपरावर गुरुजींनी लाल पेननं "हे कुणालाच आलं नाही, परत शिकवणे" असं लिहिलेलं आहे, माझ्या मते त्या कागदावरचं तेच सगळ्यात मोलाचं. पण दुसऱ्यांना कॉपी देताना पोरांची नावं आणि नंबर झाकून द्या.

एका संध्याकाळी दहा पेपर धरा, जास्त नको, थकल्यावर टॅग चुकतात. दहा झाले की शीटची एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर, आणि एक दुसऱ्या घरात, शक्यतो जिथून गठ्ठा आला त्या घरात द्या. काकूंना मी प्रिंट काढून दिली होती, त्यांनी यादीतनं एका पेपरावर बोट ठेवून सांगितलं की हा आमच्या थोरल्याच्या दहावीचा, आणि तो साल नसलेला पेपर होता. शीटमध्ये आता त्याच्या कशावरून या रकान्यात "घरच्यांनी सांगितलं" असं आहे.