जुना स्नोबोर्ड कशासाठी बनलाय, हे घरच्या फरशीवर ओळखा

कोल्हापुरात बर्फ नाही, त्यामुळे सेकंड-हँड बोर्ड चालवून बघता येत नाही. मग आपल्याकडे आहे तसलाच दुसरा गळ्यात पडतो.

१. बाइंडिंग (बूट अडकवायचे पट्टे) काढून बोर्ड सपाट टाइल्सवर ठेवा आणि डोळा फरशीला लावून बघा. मधे फट दिसली तर कॅम्बर: दाबलेल्या कडक बर्फावर कड घट्ट धरतो, वेगात स्थिर राहतो. मधला भाग टेकलाय आणि दोन्ही टोकं वर गेलीत, तर रॉकर: भुसभुशीत बर्फात छान तरंगतो, कडक बर्फावर निसटतो. मधे फट, पण नाक (पुढचं टोक) बरंच आधीपासून उचललेलं, असा मिश्र आकारही असतो. एकच बोर्ड ठेवायचा तर मी हाच घ्या म्हणेन.

२. शिंप्याची टेप घ्या. नाकापासून पुढच्या स्क्रूच्या भोकांपर्यंत आणि शेपटीपासून मागच्या भोकांपर्यंत मोजा. दोन्ही सारखं असेल तर उड्या, गिरक्या, उलटं घसरणं यासाठी उत्तम. शेपटीकडचं कमी असेल तर खोल बर्फासाठी. गुलमर्गला अफरवट डोंगराच्या उतारांवर जाणाऱ्यांनी हाच बघावा.

३. आपला बूट नेहमीच्या कोनात बोर्डवर ठेवा. टोक कडेबाहेर २ सेंटीमीटरपेक्षा जास्त येत असेल तर सोडून द्या, वळताना ते बर्फात अडकतं.

एक जपा: कडा पोलादी असतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लगेच गंजतात. बोर्ड बॅगेत कोंडू नका. कोरडा पुसून तळाला आणि कडांना मेणाचा जाड थर द्या, तो बर्फाच्या सहलीला निघताना खरवडा.