घाटात इंजिन तापल्यास काय करावे?

मे महिन्यात भरलेली गाडी कसारा घाट चढत असताना तापमानाचा काटा ‘एच’कडे सरकू लागला, तर सर्वप्रथम एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा जोरात सोडावा आणि काचा उघडाव्यात, आत उकाडा असह्य होईल, पण इंजिनची काही उष्णता त्या वाटेने निश्चित बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही किंवा बॉनेटमधून वाफ दिसली, तर वळणापासून दूर गाडी उभी करून इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा आणि चाकामागे दगड लावावा.

यानंतर खरी कसोटी संयमाची आहे. रेडिएटरमधील पाणी दाबाखाली असल्यामुळे 100 अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले की दाब जातो, पाण्याची एकदम वाफ होते आणि चेहरा व हात भाजतात. म्हणून किमान अर्धा तास थांबावे आणि इंजिन पुरते निवल्यावरच जाड फडके धरून झाकण हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी कदापि ओतू नये, कारण सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी असेल तर तूर्त स्वच्छ पाणी चालेल. मात्र होज (कूलंट वाहून नेणारी रबरी नळी) फुटला असेल, तर गाडी टो करूनच न्यावी.